ब्रिटिश पबमधील नाण्यांची यंत्रे : कायदा, गल्ला आणि खेळणारा

लंडन, लीड्स किंवा ग्लासगो येथील एखाद्या जुन्या पबमध्ये शिरले की बारच्या लाकडी फळीपासून थोड्या अंतरावर, बहुधा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, दिव्यांची सतत उघडझाप करणारे एक उभे यंत्र दिसते. ब्रिटनमध्ये त्याला ‘फ्रूट मशीन’ म्हणतात. नाणे टाकायचे, बटण दाबायचे, तीन-चार चक्रे फिरतात, चेरी, लिंबू, आलुबुखार यांची चित्रे एका ओळीत आली तर खालच्या पन्हाळीत नाणी खणखणतात. बहुतेक वेळा ती खणखणत नाहीत. पर्यटकाला हे यंत्र म्हणजे करमणुकीचे एक खेळणे वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो जुगार आहे आणि जुगाराचा अड्डा नसलेल्या जागेत त्याला प्रवेश देताना ब्रिटिश कायद्याने बऱ्याच कसरती केल्या आहेत.

कॅसिनोत जाणारा माणूस जुगार खेळण्यासाठीच जातो. पबमध्ये येणारा बिअर प्यायला, फुटबॉलचा सामना पाहायला, शेजाऱ्याशी गप्पा मारायला येतो. दुपारी तेथे सहकुटुंब जेवणारी मंडळीही असतात. अशा ठिकाणी जुगाराचे यंत्र ठेवायचे तर देखरेख कोणी करायची? कॅसिनोत त्यासाठी प्रशिक्षित नोकरवर्ग असतो, पबमध्ये पेला भरणारा माणूसच पहारेकरी. या यंत्राच्या उत्पन्नावर त्याच्याच मालकाचे भाडे निघते, हा यातला खरा पेच होय.

गमपासून जुगारापर्यंत

या यंत्राचा जन्म अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्को येथील चार्ल्स फे या बव्हेरियन स्थलांतरित कारागिराने १९ व्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत तीन चक्रांचे ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र तयार केले आणि पुढच्या सर्व यंत्रांचा तो नमुना ठरला. फळांची चित्रे नंतरची. जुगारविरोधी कायद्यांना बगल देण्यासाठी १९१० च्या सुमारास ही यंत्रे च्युइंगम विकणारी यंत्रे म्हणून ठेवली जाऊ लागली. फळे ही गमच्या स्वादांची खूण होती आणि आजही दिसणारी ‘बार’ ही आडवी पट्टी गमच्या पाकिटावरील बोधचिन्हातून आली असे मानले जाते. कायद्याची पळवाट गेली, चित्रे राहिली.

ब्रिटनमध्ये १९६० च्या ‘बेटिंग अँड गेमिंग’ कायद्याने छोट्या बक्षिसांच्या यंत्रांना दार उघडले. त्या कायद्यामागचा हेतू निरुपद्रवी करमणूक एवढाच होता. परिणाम वेगळा झाला. काही वर्षांतच क्लबांमध्ये यंत्रांचा सुळसुळाट झाला आणि ती पुरवण्याच्या व वसुलीच्या धंद्यात गुन्हेगारी शिरली. जानेवारी १९६७ मध्ये डरहॅम परगण्यातील साउथ हेटन येथे क्लबांच्या यंत्रांमधील पैसे गोळा करणाऱ्या एका माणसाचा खून झाला. वृत्तपत्रांनी त्याला ‘वन-आर्म्ड बँडिट’ खून असे नाव दिले. एका बाजूला दांडा असलेल्या आणि खिसा रिकामा करणाऱ्या यंत्राला इंग्रजीत तेच टोपणनाव आहे. अशा पार्श्वभूमीवर १९६८ चा गेमिंग कायदा आला, गेमिंग बोर्डाची स्थापना झाली आणि यंत्रे विकणारा, भाड्याने देणारा व दुरुस्त करणारा हे सारे तपासणीच्या कक्षेत आले.

त्यानंतरची तीन दशके या धंद्याच्या भरभराटीची होती. नॉटिंगहॅमची बेल-फ्रूट, कार्डिफची जेपीएम, ॲश्टन-अंडर-लाइनची बारक्रेस्ट, वुल्वरहॅम्प्टनची मेगे या कंपन्यांची यंत्रे गावोगावच्या पबांत पोहोचली. अमेरिकन यंत्रांहून ती वेगळी होती. चक्र अडवून धरण्याचे ‘होल्ड’, एक घर पुढे सरकवण्याचे ‘नज’ अशी बटणे त्यांत आली आणि आपल्या हाती काही कौशल्य आहे, अशी भावना खेळणाऱ्याच्या मनात रुजली.

दोन यंत्रांचा हक्क

आजची व्यवस्था २००५ च्या ‘गॅम्बलिंग’ कायद्यावर उभी आहे. तो १ सप्टेंबर २००७ पासून पूर्णतः अमलात आला आणि इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा. या कायद्याने यंत्रांचे ‘ए’ पासून ‘डी’ पर्यंत वर्ग पाडले. एका डावात किती पैसे लावता येतील आणि जास्तीत जास्त बक्षीस किती, या दोन गोष्टींवरून वर्ग ठरतो. पबमधील नेहमीचे यंत्र ‘सी’ वर्गातले. २००७ मध्ये त्याची मर्यादा डावाला ५० पेन्स व बक्षीस ३५ पौंड अशी होती. जून २००९ मध्ये ती १ पौंड व ७० पौंड झाली आणि जानेवारी २०१४ पासून बक्षिसाची मर्यादा १०० पौंडांवर गेली. रस्त्यापलीकडील सट्टेबाजीच्या दुकानातील यंत्रांवर १ एप्रिल २०१९ पर्यंत एका डावात १०० पौंड लावता येत होते, हे लक्षात घेतले म्हणजे पबमधील यंत्राला कायदा सौम्य का मानतो ते समजते. त्या दिवसापासून दुकानातील मर्यादाही २ पौंडांवर आणण्यात आली.

मद्यविक्रीचा परवाना असलेल्या आणि प्रत्यक्ष बार असलेल्या जागेला ‘सी’ किंवा ‘डी’ वर्गाची दोन यंत्रे ठेवण्याचा हक्क आपोआप मिळतो. कायद्याच्या कलम २८२ मध्ये ही तरतूद आहे. त्यासाठी जुगाराचा परवाना लागत नाही. स्थानिक परिषदेला लेखी कळवायचे आणि ५० पौंड शुल्क भरायचे, एवढेच. जेवणासोबतच मद्य देणाऱ्या उपाहारगृहांना मात्र हा हक्क नाही. दोनपेक्षा अधिक यंत्रे हवी असतील तर परिषदेकडे वेगळ्या अनुमतीसाठी अर्ज करावा लागतो आणि तो फेटाळण्याचा किंवा संख्या कमी करून मंजूर करण्याचा अधिकार परिषदेला असतो.

आपोआप मिळालेला हक्क काढूनही घेता येतो. कलम २८४ नुसार, पबचा मुख्य उपयोग जुगारासाठीच होऊ लागला, अटी मोडल्या गेल्या किंवा कायद्याचा भंग झाला, तर परिषद २१ दिवसांची सूचना देऊन तसा आदेश काढू शकते. पबचालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. ‘मुख्य उपयोग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. यंत्र हे मद्यालयाच्या जोडीला असावे, मद्यालय यंत्राच्या जोडीला नसावे, अशी ही कल्पना.

बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतात. ‘सी’ वर्गाच्या यंत्रावर १८ वर्षांखालील कोणालाही खेळू देणे हा गुन्हा आहे. यंत्र नोकरांच्या नजरेत राहील अशा ठिकाणी हवे, नाहीतर देखरेखीची दुसरी सोय हवी. उधारीवर खेळू देता येत नाही. यंत्र पुरवणाऱ्याकडे गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलाच पाहिजे. पबचालकाने कोठून तरी जुने यंत्र स्वस्तात आणून कोपऱ्यात लावले तर तो अडचणीत येतो.

मराठी वाचकाला या सैलपणाचे नवल वाटणे साहजिक आहे. महाराष्ट्रात १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची परंपरा आहे. कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा राज्याने १९७६ मध्ये केला खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली. म्हणजे जेथे दार उघडले तेथेही ते श्रीमंतांच्या आणि पर्यटकांच्या बाजूला. ब्रिटनने ते गल्लीतल्या गुत्त्याच्या बाजूला उघडले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने त्याही पुढे जाऊन १९९७ मध्ये पबांना अशी यंत्रे खुली केली. तेथे एका पबमध्ये ३० पर्यंत यंत्रे असू शकतात आणि काही पब बाहेरून तेवढे पब उरले आहेत. त्या तुलनेत ब्रिटनची दोन यंत्रे संयमाचीच म्हणावी लागतील.

हरण्याचीच निवड

यंत्राच्या पोटात काय चालते, याविषयी खेळणाऱ्यांच्या समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यातली एक समजूत अशी, की बराच वेळ पैसे खाल्लेले यंत्र ‘भरलेले’ असते आणि ते आता देणारच. कॅसिनोतील यंत्रांबाबत ही समजूत सपशेल चूक आहे. पबमधील अनेक यंत्रांबाबत ती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याची.

ब्रिटिश नियमांत यंत्रांचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. आधी काय झाले याच्याशी पुढच्या डावाचा संबंध नाही. दुसऱ्या प्रकाराला भरपाई पद्धतीचे यंत्र म्हणता येईल. आत आलेल्या व बाहेर गेलेल्या पैशांचा हिशेब हे यंत्र स्वतःच ठेवते. ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी परतावा झाला असेल तर ते सैल होते, जास्त झाला असेल तर आखडते. पबमध्ये हा दुसरा प्रकार दीर्घकाळ रूढ राहिला. कोणता प्रकार आहे आणि परताव्याची अपेक्षित टक्केवारी किती, हे यंत्रावर लिहिणे आता बंधनकारक आहे. मात्र ती अक्षरे दिव्यांच्या झगमगाटात शोधावी लागतात.

यातून एक वेगळाच वर्ग निर्माण झाला. बारशी पेला घेऊन तासन्‌तास बसायचे, दुसऱ्याने यंत्रात किती ओतले ते बघायचे आणि तो निराश होऊन उठला की आपण जाऊन बसायचे. नव्वदच्या दशकात काहींनी यालाच पोटापाण्याचा व्यवसाय केला. त्यांना मिळणारा पैसा यंत्रमालकाचा नसून आधी हरलेल्या शेजाऱ्याचा असे, हे सांगायला नकोच.

भरपाई पद्धतीचा सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे ‘मोठा की लहान’ हा डाव. समजा, १ ते १२ आकड्यांच्या चक्रावर २ हा आकडा आला आहे आणि पुढचा आकडा मोठा येईल की लहान, हे खेळणाऱ्याने सांगायचे आहे. कोणीही ‘मोठा’ म्हणेल. चक्र फिरते आणि १ येतो. नशीब वाईट, असे म्हणून माणूस पुन्हा नाणे टाकतो. वस्तुतः या डावात त्याने हरायचे हे यंत्राने बटण दाबण्यापूर्वीच ठरवलेले असू शकते. त्याने ‘लहान’ म्हटले असते तर मोठा आकडा आला असता. या शतकाच्या प्रारंभी काही जाणकार खेळाडूंनी यंत्रातील आज्ञावली घरच्या संगणकावर चालवून, एकाच क्षणी दोन्ही उत्तरे देऊन पाहिली आणि दोन्ही वेळा हार होते हे दाखवून दिले. तक्रारी झाल्या. उपाय निघाला तो खास ब्रिटिश : डाव तसाच राहिला, आणि खेळणाऱ्याला जिंकण्याची मुळीच शक्यता नसलेली निवडही हे यंत्र कधीकधी देऊ शकते, अशा आशयाची सूचना यंत्रावर आली. फसवणूक जाहीर केली की ती फसवणूक राहत नाही, असा काहीसा हा न्याय आहे.

वेगाचाही विचार करायला हवा. ‘सी’ वर्गात एक डाव किमान अडीच सेकंदांचा असावा लागतो. कोणी मिनिटाला १० डाव, प्रत्येकी १ पौंडाचे खेळला तर तासात ६०० पौंड यंत्रातून फिरतात. परताव्याची टक्केवारी ८० धरली तर सरासरीने तासाला १२० पौंड जातात. कमाल बक्षिसाहून ही रक्कम मोठी आहे. एकेका डावाची मर्यादा लहान आहे म्हणून तोटाही लहानच राहील, हे गृहीतक त्यामुळे फारसे टिकत नाही.

गल्ल्यातील वाटेकरी

पबचालक यंत्र सहसा विकत घेत नाही, पुरवठादाराकडून आठवड्याच्या भाड्याने घेतो. खेळ जुना झाला, गिऱ्हाइके कंटाळली की पुरवठादार ते उचलून दुसरे आणून ठेवतो. ठरावीक दिवशी वसुलीचा माणूस येतो, पेटी उघडतो, पैसे मोजतो, पुढच्या बक्षिसांसाठी नाण्यांची भर घालतो आणि पावती करून जातो.

सरकारचा वाटा ठरलेला आहे. पूर्वी प्रत्येक यंत्रामागे वार्षिक परवाना शुल्क आणि उत्पन्नावर मूल्यवर्धित कर अशी दुहेरी पद्धत होती. १ फेब्रुवारी २०१३ पासून तिच्या जागी ‘मशीन गेम्स ड्यूटी’ हा एकच कर आला. लावलेल्या पैशांतून दिलेली बक्षिसे वजा केली की उरते त्या रकमेवर सर्वसाधारण दर २० टक्के आहे आणि अगदी किरकोळ डाव-बक्षिसांच्या यंत्रांना ५ टक्के. नोंदणी व तिमाही विवरणपत्र ही जबाबदारी पबच्या परवानाधारकावर येते.

उदाहरणादाखल, यंत्रात आठवड्याला बक्षिसे वजा जाता ३०० पौंड उरले असे धरू. ६० पौंड करात गेले. ६० पौंड भाडे धरले तर राहिले १८०. पब स्वतःच्या मालकीचा असेल तर ते सारे चालकाचे. पण ब्रिटनमधील हजारो पब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असून चालक हा त्यांचा भाडेकरू असतो. बिअर आमच्याकडूनच घ्या, हे बंधन सर्वश्रुत आहे. अनेक करारांत यंत्रही कंपनीने नेमलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावे आणि उत्पन्नात कंपनीला वाटा द्यावा, असे कलम असे. निम्मा वाटा धरला तर चालकाच्या हाती ९० पौंड पडले. देखरेखीची व कायदेशीर जोखीम मात्र संपूर्ण त्याची.

हाऊस ऑफ कॉमन्सच्या व्यापार व उद्योग समितीने २००४ च्या अहवालात यंत्रांबाबतचे हे बंधन काढून टाकावे, अशी शिफारस केली होती. कंपन्यांनी ती मनावर घेतली नाही. इंग्लंड व वेल्समधील मोठ्या पब-कंपन्यांसाठी ‘पब्ज कोड’ ही वैधानिक संहिता लागू व्हायला जुलै २०१६ उजाडले आणि नव्या करारांत यंत्रे घेण्याची सक्ती करण्याला तिने प्रतिबंध केला. शिफारस आणि कायदा यांत १२ वर्षे गेली. त्या काळात किती भाडेकरूंनी दुकान गुंडाळले, त्यांना या सुधारणेचा उपयोग नव्हता.

या काळात धंद्याला इतरही धक्के बसले. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये पबांत धूम्रपानबंदी आली. एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हाताने बटण, ही यंत्रापुढील नेहमीची मुद्रा होती. सिगारेटसाठी बाहेर गेलेला माणूस परत यंत्राकडे येईलच असे नाही. २०१७ मध्ये एक पौंडाचे गोल नाणे जाऊन बाराकोनी नाणे आले. २८ मार्चला नवे चलनात आले आणि १५ ऑक्टोबरला जुने बाद झाले. एवढ्या अवधीत देशभरातील यंत्रांच्या नाणी ओळखणाऱ्या भागांत बदल करावे लागले आणि तो खर्च अर्थातच धंद्यातूनच निघाला.

पहारेकरी बारमागे

व्यवस्थेचा सर्वांत दुबळा सांधा कोठे आहे, हे गॅम्बलिंग कमिशननेच दाखवून दिले. अल्पवयीन मुलांना पबमध्ये पाठवून ती यंत्रावर खेळू लागली तर कोणी हटकते काय, याची चाचणी २०१८ मध्ये इंग्लंडमधील निवडक पबांत घेण्यात आली. सुमारे ९० टक्के पब अनुत्तीर्ण झाले. पुढच्या वर्षीच्या चाचणीतही ८४ टक्के ठिकाणी कोणी अडवले नाही. हेच नोकर अल्पवयीन मुलाने बिअर मागितली तर ओळखपत्र विचारतात, कारण त्यासाठी मुलाला त्यांच्यासमोर यावे लागते. यंत्रासमोर उभे राहायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. शनिवारी संध्याकाळी बारपुढे तीन रांगा असताना कोपऱ्यातल्या मुलाचे वय कोण ताडणार?

प्रौढांच्या बाबतीतही उणीव आहे. सट्टेबाजीच्या दुकानांत किंवा कॅसिनोंत आपल्याला प्रवेश देऊ नये अशी नोंद माणूस स्वतःहून करू शकतो आणि त्या नोंदी अनेक ठिकाणी एकत्रितपणे पाळल्या जातात. पबांसाठी तशी सामायिक व्यवस्था नाही. जुगार सोडू पाहणाऱ्या माणसाने गावातला एकुलता एक पबही सोडायचा, असा त्याचा व्यवहारात अर्थ होतो.

आता नाणेच मागे पडत आहे. यंत्रात थेट डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने पैसे भरण्यास २००५ च्या कायद्याखालील नियमांनी मनाई केली. खिशात सुटे नाणे नसलेल्या पिढीला त्यामुळे यंत्रापर्यंत पोहोचणेच अवघड झाले, अशी धंद्याची तक्रार आहे. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत, खेळणाऱ्यांच्या संरक्षणाची योग्य तजवीज करून डेबिट कार्डावरील बंधन उठवण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. पबांसाठीच्या संहितेत आधीपासून एक अट आहे : पबमध्ये एटीएम असेल तर ते अशा जागी असावे, की पैसे काढण्यासाठी खेळणाऱ्याला यंत्रापुढून उठावेच लागेल. कार्डाने पैसे भरता आले तर तेवढे उठण्याचेही कारण राहणार नाही.